‘तिन्ही एकच’ म्हणणाऱ्या वाचकास

स.न.

‘सँक्टिफाय’ या शब्दावरच्या माझ्या लेखाखाली आपण ‘एक जुना वाचक’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया चार दिवस माझ्या डोक्यातून गेली नाही. उत्तर द्यावं की सोडून द्यावं, याचा विचार करत होते. शेवटी लिहायला बसले. ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिलेली नाही त्यांच्यासाठी ती आधी जशीच्या तशी देते (त्यातला ‘हॅलो’ म्हणजे hallow, फोनवरचा नव्हे):

‘मॅडम, सँक्टिफाय, कॉन्सेक्रेट, हॅलो या तिन्हींचा अर्थ एकच, पवित्र करणे. पाचवीतलं पोरही शब्दकोश उघडून सांगेल. ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही त्यांनी या विषयावर ज्ञान पाजळू नये. शिवाय मूळ ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे, गेटिसबर्गचं साल चुकलंय, आणि “रूढीने सँक्टिफाय झालेली प्रथा” हा रोजचा वापर तुम्ही साफ विसरलात. मराठी ब्लॉगवर इंग्रजीचा कीस पाडण्यापेक्षा मराठीची सेवा करा.’

सालाचं आधी सांगते, कारण तिथे आपलं बरोबर आहे. अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन याचं गेटिसबर्गचं भाषण 19 नोव्हेंबर 1863 चं. माझ्या लेखात 1865 पडलं होतं. आज दुरुस्त केलं. आभार.

आता बाकीचं. मतभेदाचं मला वावडं नाही. एकोणतीस वर्षं महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. शेवटच्या बाकावरून येणाऱ्या आडव्या प्रश्नांनीच मला बरंचसं शिकवलं आहे. पण त्या मुलांपैकी एकानेही मला ‘ज्ञान पाजळू नका’ असं म्हटलं नव्हतं. आपण मुद्दा मांडला असतात तर मी मुद्द्याला उत्तर दिलं असतं आणि विषय संपला असता. आपण माझी लायकी काढलीत. म्हणून उत्तर लांबणार आहे.

चर्चची पायरी. माझे वडील नगरला एका छापखान्यात कंपोझिटर होते. मिशनऱ्यांचं पुष्कळ काम तिथे येई. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवताना बोटांना बसलेली शाई घरी आल्यावरही पूर्ण जात नसे. त्यांनी मला घातलं तेही मिशनच्या शाळेत. आम्ही जन्माने हिंदू, घरात देव्हारा, आणि सकाळी शाळेत हात जोडून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो’. दहा वर्षं, रविवार आणि सुट्ट्या सोडून रोज. बाप्तिस्मा मी घेतलेला नाही, ते खरं. पण त्या वाक्याशी माझी ओळख आपल्या शब्दकोशापेक्षा जुनी आहे, हे मला आज सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं.

आणि त्या वाक्यातच आपल्या ‘तिन्ही एकच’चं उत्तर आहे. आठवीत असताना मी वर्गात विचारलं होतं की इंग्रजीत ‘हॅलोड बी दाय नेम’ आहे, हॅलो करणे म्हणजे पवित्र करणे असं आपल्याला शिकवलं, मग मराठीत ‘पवित्र केले जावो’ का नाही, ‘मानले’ का? बाईंनी मला तास संपेपर्यंत उभं केलं. प्रार्थनेवर शंका काढायची नसते म्हणाल्या. उत्तर मला पुढे बऱ्याच वर्षांनी, स्वतः शिकवायला लागल्यावर मिळालं. देवाचं नाव माणूस पवित्र करू शकत नाही. ते पवित्र आहेच. माणसाच्या हातात एवढंच आहे की त्याने ते पवित्र धरावं, तसं वागावं, तोंडातून उगाच काढू नये. मराठी भाषांतरकारांना हे कळलं होतं म्हणून त्यांनी ‘मानले’ लिहिलं. आपला शब्दकोश लावला असता तर रोज सकाळी आम्ही पोरं देवाचं नाव शुद्ध करून घ्यायला उभी राहिलो असतो.

हॅलो हा इंग्रजीच्या घरचा जुना शब्द आहे. अँग्लो-सॅक्सन काळातला. होली, होल, हील, हेल्थ ही सगळी त्याची भावंडं. म्हणजे जे अखंड आहे, धड आहे, ज्याला तडा नाही, ते होली. सँक्टिफाय लॅटिनमधून आला, कॉन्सेक्रेटही लॅटिनमधूनच. नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच-लॅटिन शब्दांचा जो लोंढा आला, त्यात घरचे शब्द पुष्कळ वाहून गेले. हॅलो टिकला. का टिकला? लोकांच्या रोजच्या प्रार्थनेत होता म्हणून. विल्यम टिंडलने 1526 मध्ये बायबलचा नवा करार इंग्रजीत छापला, त्यात हाच शब्द आहे. बायबलच्या 1611 च्या राजमान्य इंग्रजी भाषांतरातही तोच. आज इंग्रज माणूस तो एरवी फारसा वापरत नाही. 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनमध्ये मात्र तो दडून बसला आहे, कारण दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण आणि संताला जुन्या इंग्रजीत हॅलो म्हणत.

कॉन्सेक्रेटचं वेगळं. तिथे विधी लागतो, अधिकारी लागतो, आणि बहुतेक वेळा तारीख लागते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी नाशिकचं एक ख्रिस्ती कुटुंब माझ्याकडे एक पत्र घेऊन आलं होतं. त्यांचे काका इंग्लंडमध्ये डॉक्टर होते, तिथेच वारले, अस्थिकलश तिथल्याच दफनभूमीत पुरला. पुढे काकू नाशिकला वारल्या. मुलांची इच्छा की बाबांचा कलश आणून आईशेजारी ठेवावा. त्यांनी अर्ज केला, तिकडून उत्तर आलं, आणि एका भाषांतर करून देणाऱ्या संस्थेने त्याचं मराठी करून दिलं: ‘ही जागा पवित्र असल्याने आम्ही परवानगी देऊ शकत नाही.’ मुलं दुखावली. आमची नाशिकची दफनभूमी काय अपवित्र आहे का, असं त्यांच्या मनाने घेतलं. तो कागद वर्षभर कपाटात पडून राहिला.

मूळ पत्रात शब्द होता ‘कॉन्सेक्रेटेड’. इंग्लंडात दफनभूमी नगरपालिकेची असली तरी तिचा काही भाग कॉन्सेक्रेट केलेला असतो. चर्च ऑफ इंग्लंडचा बिशप तो विधिपूर्वक, लेखी आदेशावर सही करून चर्चच्या अधिकाराखाली आणतो. त्या भागातलं काही हलवायचं तर परवानगी धर्मप्रांताच्या न्यायालयाकडून घ्यावी लागते. शेजारचा भाग कॉन्सेक्रेट केलेला नसेल तर त्याचा परवाना सरकारकडून. मधे एक पायवाट असेल फार तर. पत्र लिहिणारा एवढंच सांगत होता की परवानगी आमच्या हातात नाही, अमुक न्यायालयाकडे जा. मी त्या कुटुंबाला ‘बिशपने विधिपूर्वक चर्चच्या अधिकाराखाली आणलेली जागा’ असं समजावलं आणि अर्ज योग्य ठिकाणी गेला. पाचवीतल्या पोराला कळणारा अर्थ त्या भाषांतरात अगदी बरोबर उतरला होता. ‘पवित्र.’ त्यापायी एका घराचं वर्ष गेलं.

बायबलच्या हिब्रूत ‘पवित्र’साठी जो मूळ धातू आहे, त्यातही ‘वेगळं काढून ठेवणं’ ही छटा आहे. माझी आई सणाला नैवेद्याचं पान आधी वाढून बाजूला ठेवी. भाजी तीच, पुरण तेच, पातेलं तेच. पण त्या पानाला कोणी हात लावत नसे. पदार्थात काही बदल झालेला नसतो, त्याची मालकी बदललेली असते. कॉन्सेक्रेट मला त्या पानावरून कळला.

मग सँक्टिफाय? तो मुख्यतः माणसाच्या आत चालतो. बायबलमध्ये, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, म्हटलंय की विश्वास न ठेवणारा नवरा बायकोमुळे सँक्टिफाय होतो. तिथे ना बिशप, ना पाणी शिंपडणं, ना तारीख. रोजच्या सहवासाने एक माणूस दुसऱ्याला पवित्र करत नेतो. त्या जागी कॉन्सेक्रेट घालून वाक्य वाचून पाहा. त्या बायकोने नवऱ्याची देवळात स्थापना केल्यासारखं होतं. मराठीत मला इथे ‘पावन’ जवळचा वाटतो. पतितपावन म्हणतो तो पावन. रत्नागिरीत 1931 मध्ये सर्वांसाठी उघडलेल्या मंदिराला ‘पतितपावन’ हे नाव दिलं. ‘पतितपवित्र’ असं कोणी म्हणणार नाही, कारण पवित्र ही स्थिती आहे आणि पावन करणं ही कृपा आहे.

आता गेटिसबर्ग. तुम्ही तिथलं साल पकडलंत आणि वाक्य सोडून दिलंत. जुलै 1863 च्या पहिल्या तीन दिवसांत तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धातली लढाई झाली, हजारो माणसं पडली, आणि चार महिन्यांनी त्यांच्या स्मशानभूमीच्या अर्पणसोहळ्याला लिंकन बोलायला उभा राहिला. त्याआधी सोहळ्याचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. लिंकनचं भाषण दोन-तीन मिनिटांचं. त्यात तो म्हणतो की आपण ही भूमी डेडिकेट करू शकत नाही, कॉन्सेक्रेट करू शकत नाही, हॅलो करू शकत नाही. जिथे एकेक शब्द मोजून ठेवला आहे तिथे तो माणूस एकच गोष्ट तीनदा का बोलेल? तो पायरी-पायरीने वर चढतोय. डेडिकेट समारंभाला आलेल्या पुढाऱ्यांचं काम, कॉन्सेक्रेट धर्मगुरूंचं, आणि हॅलो कोणाच्याच हातातलं नाही. पुढच्याच वाक्यात तो म्हणतो की इथे झुंजलेल्या शूरांनी, जिवंत आणि मृत, ही भूमी आधीच कॉन्सेक्रेट केली आहे. धर्मगुरूचा शब्द त्याने तिथून उचलला आणि शिपायांच्या हातात दिला. तिन्ही शब्द एकच असते तर हे उचलणं दिसलंच नसतं.

हे मराठी माणसाला कळायला अवघड का जावं? 1660 च्या जुलैत बाजीप्रभू आणि त्यांचे मावळे घोडखिंडीत पडले. खिंडीवर कोणी अभिषेक केला नाही, मंत्र म्हटले नाहीत. पण घोडखिंडीची पावनखिंड झाली. पवित्र खिंड नाही, पावनखिंड. लिंकनचं ते वाक्य मराठीत आणायचं झालं तर मला हाच शब्द लागतो. प्रार्थनेतल्या हॅलोला ‘मानणे’ लागतं आणि गेटिसबर्गच्या हॅलोला ‘पावन’. म्हणून मी लेखात म्हटलं होतं की एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द ठेवून मोकळं होता येत नाही. ते वाक्य तुम्ही वाचलंत की नाही, मला शंका आहे.

राहिलेलं थोडक्यात. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे, हो, आहे. पण मी इंग्रजी शब्दांबद्दल लिहीत होते. एका ग्रीक क्रियापदासाठी इंग्रजीने कुठे हॅलो घेतला आणि कुठे सँक्टिफाय, हाच तर लेखाचा विषय होता. ‘रूढीने सँक्टिफाय झालेली प्रथा’ हा लाक्षणिक वापर आहे. मला तो ठाऊक आहे, आणि लेखात त्याला जागा नव्हती. यापुढे त्यावर मी वाद घालणार नाही.

मराठीची सेवा. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, उतारवयात, हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्या शेवटच्या दिवसांपर्यंत हेच काम चाललं होतं. परक्या भाषेतल्या एकेका शब्दाचा कीस पाडल्याशिवाय ते झालं असतं का? माझं काम त्यांच्या नखाचीही बरोबरी करणारं नाही. पण ते त्याच जातीचं आहे. माझे वडील आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द उलटे वाचून सुलटे छापत आले. एक काना चुकला तर पूर्ण ओळ सोडवून पुन्हा जुळवत. ती सेवा नव्हती असं माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. आपण कोणता शब्दकोश उघडला होतात त्याचं नाव आणि आवृत्ती कळवा. त्यात या तिन्ही शब्दांपुढे वापराचं एकेक वाक्य दिलेलं असेल तर तेही उतरवून पाठवा. तोवर, साल सोडून, लेख आहे तसाच राहील.