सोयाबीनचा भाव कोंबडी ठरवते

२०२४ची दिवाळी आटोपून आठ-दहा दिवस झाले होते. आमच्या गावच्या फाट्यावर, पानठेल्याला लागून असलेल्या कट्ट्यावर त्या दिवसांत दुसरा विषयच निघत नव्हता, कारण सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना तालुक्याच्या बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. बोलणे अर्थातच वऱ्हाडीत झाले. इथे मी ते प्रमाण मराठीत उतरवले आहे आणि त्यात बराचसा तिखटपणा गळून गेला आहे, याची मला जाणीव आहे.

तोंड फोडले भाऊंनी. बारा एकरांचा हा शेतकरी त्या दिवशी आठ क्विंटल विकून आला होता आणि खिशातली मापाऱ्याची चिठ्ठी अजून घडी न मोडता तशीच होती. त्यांनी सांगितलेला हर्रास, म्हणजे ढिगाचा लिलाव, असा : एका खरेदीदाराने ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढला, मूठभर दाणे तळहातावर चोळले, एक दाताखाली फोडला आणि ओल जास्त असल्याचे सांगून चार हजार चाळीसची बोली लावली. दुसरा पन्नास म्हणाला, तिसऱ्याने नुसती मान हलवली आणि बाकीचे तोवर पुढच्या ढिगाकडे निघूनही गेले. “दहा जण घ्यायला उभे असतात. मग अर्ध्या मिनिटात सगळे एकाच आकड्यावर कसे काय येतात?” असा भाऊंचा प्रश्न होता.

मास्तरांच्या मते उत्तर सरळ होते, ते म्हणजे व्यापाऱ्यांची साखळी. निवृत्त झाल्यापासून त्यांना इतिहासाचा दाखला दिल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळे १८८६ साली इंग्रजांच्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने आपल्याच वऱ्हाडात, कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि पुढे १८९७ चा बाजार कायदा आला, तो अशाच लबाडीला आळा घालण्यासाठी, असे त्यांनी बजावले. त्यावर अर्थशास्त्रात एम.ए. करून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आमच्यातला पोट्टा म्हणाला, “मास्तर, त्या बाजाराची काळजी इंग्रजाला शेतकऱ्यासाठी नव्हती. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस रास्त भावात हवा होता.” मास्तर काही वेळ गप्प राहिले. माझ्या मते पोट्ट्याचे म्हणणे खरे होते, पण त्या नियमांमुळे काट्यावरची लबाडी कमी झाली, हेही तितकेच खरे आहे.

मुनीमजींनी तीस वर्षे एका अडत्याच्या गादीवर वह्या लिहिल्या आहेत. साखळी नसतेच, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की एकच आकडा निघायला साखळीची गरजही लागत नाही. सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर सोयाबीन गाळून तेल काढणाऱ्या त्याच दोन-तीन प्लांटचा भाव येतो. त्यातून ट्रकचे भाडे, हमाली, बारदाना, बाजार समितीचा सेस, ओलीची कपात आणि स्वतःचे चाळीस-पन्नास रुपये वजा केले की प्रत्येकाच्या डोक्यात जवळपास तोच आकडा उरतो. ढिगाभोवती माणसे दहा दिसतात, परंतु त्यांच्या पाठीमागचे गिऱ्हाईक मोजकेच असते. विकणारे हजारो आणि शेवटी घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, अशा बाजारात आणखी चार परवाने वाटल्याने स्पर्धा वाढेल, असे समजणे भोळेपणाचे आहे, असे ते म्हणाले आणि पोट्ट्यानेही दुजोरा दिला.

“मग प्लांटचा भाव कुठून येतो?” भाऊंनी विचारले.

इथून पुढची अर्धी घटका त्या दिवसातली सर्वांत मोलाची होती. मुनीमजींनी भाऊंची चिठ्ठी मागून घेतली आणि तिच्या पाठीवर हिशेब मांडला. एक क्विंटल सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलो ढेप निघते. प्लांटवाले तिला डीओसी म्हणतात. समजा तेल किलोला १२० रुपये आणि ढेप ३३ रुपये. तेलाचे झाले २,१६० आणि ढेपेचे २,६४०. म्हणजे ज्याला आपण तेलबी म्हणतो, त्याच्या रुपयातले पंचावन्न पैसे ढेपेतून येतात आणि ती ढेप मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

भाऊंना ते पटेना. सरकारने सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले होते आणि ते खोटे नव्हते : कच्च्या तेलावरचा एकूण बोजा ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर आणि शुद्ध तेलावरचा १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेला होता. घरात तेलाचा पिपा महागला, तो त्यांनी स्वतः विकत आणला होता. मग सोयाबीन का नाही चढले? मुनीमजींनी त्याच चिठ्ठीवर खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. तेल किलोमागे १३ रुपयांनी वाढले, तर क्विंटलला २३४ रुपये मिळाले. ढेप किलोमागे अवघ्या ३ रुपयांनी उतरली, तर २४० रुपये गेले. तेलाने दिले ते ढेपेने नेले आणि वर सहा रुपये अंगावर बसले.

ढेप का उतरली, हे सांगताना पोट्टा पहिल्यांदाच खुलला. पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडेल, या भीतीपोटी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली. पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल तर हवेच होते, म्हणून कारखाने मक्याकडे आणि तुकडा तांदळाकडे वळले. धान्यापासून इथेनॉल काढले की मागे प्रथिने असलेला चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. तो ढेपेपेक्षा बराच स्वस्त पडतो. कोंबडीखाद्य करणाऱ्यांनी त्याचे प्रमाण वाढवले आणि तेवढी सोयाबीनची ढेप कमी घेतली. बाहेर विकावी म्हटले, तर आपला माल हेक्टरी एक टनाच्या आसपासच्या उत्पादनावर पिकलेला, म्हणून महाग, आणि समोर हेक्टरी तीन टनांहून अधिक काढणारा ब्राझील. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाळला, त्याचा फटका फिरत-फिरत वाशीम-यवतमाळच्या सोयाबीनला बसला, ही साखळी मास्तरांच्या साखळीपेक्षा मला अधिक भयंकर वाटली, कारण तिच्यात कोणीही लबाड नव्हता.

“कोंबडीने आपल्याला याआधीही मारले आहे,” भाऊ म्हणाले. त्यांना २०२१ आठवत होते, आणि ते कोणाला आठवत नाही? त्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीनने दहा हजारांच्या घरात उडी मारली, कोंबडीपालकांनी ओरड केली आणि केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन ढेप बाहेरून आणायला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईतो भाव कोसळला होता. त्याच वर्षी डिसेंबरात सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, बंद झाले आणि ती बंदी पुढे वाढतच गेली. मुनीमजींना त्याचे विशेष दुःख आहे. वायद्यात सट्टा होता, हे ते मान्य करतात. पण तीन महिन्यांनंतर बाजार काय म्हणतो, हे शेतकऱ्याला निदान आकड्यात दिसत तरी होते. आता ते प्लांटवाल्याला कळते आणि बाकीच्यांना त्याचा सकाळचा मेसेज.

मास्तर इतक्यात हार मानणारे नव्हते. भाव कोंबडी ठरवत असेल, तर व्यापारी निर्दोष आहे का, असे त्यांनी विचारले आणि या वेळी मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. कट्ट्यावर आपण दोन भांडणे एकात मिसळतो. भाव कोणत्या पातळीवर राहणार, हे तालुक्यात ठरत नाही, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्याला त्यासाठी शिव्या देणे व्यर्थ आहे. परंतु प्लांटच्या भावातले किती रुपये ढिगापर्यंत पोचणार, हे मात्र तालुक्यातच ठरते. ओल यंत्राने मोजली की दाताने, कपात टक्केवारीने झाली की अंदाजाने, यात क्विंटलमागे शंभर-दीडशे रुपयांचा फरक सहज पडतो आणि बारा एकरांच्या शेतकऱ्याचा वर्षाचा नफा पुष्कळदा तेवढाच असतो. भाऊंच्या ढिगाजवळ त्या दिवशी यंत्र होते, पण ते पिशवीतून बाहेर निघाले नाही. हमीभावाच्या सरकारी खरेदी केंद्रावर ते निघाले असते, पण तिथे १२ टक्क्यांची मर्यादा होती आणि भाऊंचा माल चौदाच्या पुढे. ती मर्यादा त्याच महिन्यात १५ टक्के झाली. भाऊंचा माल तोवर ट्रकमध्ये चढून गेलेला होता.

“न विकता परत आणायचा होता,” असे पोट्टा म्हणाला, तेव्हा भाऊंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी लिहीत नाही. कृषी केंद्राची उधारी, हरभऱ्याचे बियाणे आणि ट्रॅक्टरवाल्याचे पेरणीचे पैसे, तिन्ही एकाच आठवड्यात द्यायचे होते. मुनीमजींनी पणन मंडळाच्या तारण योजनेची आठवण करून दिली : माल गोदामात तारण ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. चार हजारांच्या क्विंटलवर तीन हजार मिळतात आणि चार महिन्यांचे व्याज साठ रुपये होते, जे कोणत्याही उधारीपेक्षा स्वस्त आहे. भाऊंनी उरलेले बारा क्विंटल वाळवून ठेवायचे ठरवले. ओल १४ वरून १० टक्क्यांवर आली की क्विंटलमागे जवळपास साडेचार किलो वजन जाते, हेही त्यांना मुनीमजींनीच सांगितले.

मार्चमध्ये ते बारा क्विंटल विकले, तेव्हा भाव चार हजार साठ होता. दिवाळीच्या भावापेक्षा दहा रुपये जास्त. मे महिन्याच्या अखेरीस केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क, म्हणजे अधिभार सोडून, २० टक्क्यांवरून १० वर आणले, तेव्हा कट्ट्यावर कोणी फारसे बोलले नाही.

मृग लागल्यावर भाऊंनी सोयाबीनचे चार एकर कमी केले आणि तिथे मका पेरला. मुनीमजींनी विचारले, घेणार कोण? भाऊ म्हणाले, इथेनॉलवाले.