साबरमती मांडवीवर चिकटवू नका

'मांडवीकाठी बार्ज गंजतायत, खनिजाचे धक्के ओस पडलेत. साबरमतीसारखा रिव्हरफ्रंट करा. तिथे नदी स्वच्छ झाली, एकाचंही घर गेलं नाही. विरोध करतात ते विकासाचे शत्रू.' हा मेसेज गोव्यात सगळीकडे फिरतोय. काल डिचोलीच्या मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर हात जोडलेले. मावशी, राग तुझ्यावर नाही. पण आता लिहिणं भाग आहे.

म्हणे नदी स्वच्छ झाली! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा 2022 चा अहवाल उघडा. देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांत चेन्नईची कूवम पहिली, साबरमती दुसरी. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू, लिटरला 292 मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्याला मर्यादा 3 ची. अहमदाबादच्या रिव्हरफ्रंटच्या फोटोतलं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. बंधाऱ्याखाली सांडपाणी आणि कारखान्यांची घाण वाहते, तिथे सेल्फीला कोण जातो?

घरांचं म्हणाल तर दहा हजारांवर कुटुंबं काठावरून हलवली. त्यावर आणखी काय बोलायचं!

साबरमती वर्षातले बरेच महिने कोरडी असायची, म्हणून पात्र आवळून दोन्ही काठांना भिंती घालता आल्या. मांडवीत दिवसाला दोनदा भरती येते, पार आत गांजे गावापर्यंत चढते. त्या पाण्याला पसरायला खारफुटीची जागा लागते. खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या नदीकाठच्या शेतात, एखाद्या मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणदाराजवळ, उभं राहून बघा. भरतीच्या दाबाने लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की शेतातलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. पणजीला पात्र आवळलंत तर ताण आधी खाजनाच्या बांधांवर येणार. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की त्या शेतात भात पिकवणं किती कठीण, ते शेतकऱ्याला विचारा.

बार्जचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागतं. 2012 ला खाणी बंद पडल्या, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केली, खनिज वाहणाऱ्या बार्जवाल्यांचा धंदा बसला. ओस धक्क्यांवर झाडं लावा, बाकडी टाका, म्हाताऱ्यांना चालायला वाट करा. कोण नको म्हणतंय? त्यासाठी नदीत भराव लागत नाही.

आणि नदीची एवढीच काळजी असेल, तर पणजीसमोर नांगरलेल्या कॅसिनोंबद्दल अख्ख्या मेसेजात एक ओळ का नाही?