मोशेची पाचवी सबब

देव आधी माणसाला लायक करतो आणि मगच बोलावतो, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 3ऱ्या-4थ्या अध्यायात देव मोशेला इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवायला बोलावतो, तेव्हा मोशे पाच वेळा आढेवेढे घेतो. जिभेने जड असल्याचंही सांगतो. उत्तर दर वेळी मिळतं, पण जीभ काही मोकळी होत नाही. 6व्या अध्यायातही तीच तक्रार चालू! आणि देव रागावतो कधी? 'दुसऱ्या कुणाला पाठव' म्हटल्यावर. म्हणजे राग दुबळेपणाचा नाही, अंग काढून घेण्याचा. तरीही सोबतीला भाऊ अहरोन मिळतोच. (बोलण्यात तरबेज असलेला हाच भाऊ पुढे लोकांना पूजायला सोन्याचं वासरू घडवतो, म्हणजे लायकीचंही काही खरं नाही.) यिर्मया या संदेष्ट्याने देवाने बोलावल्यावर 'मी लहान आहे' म्हटलं, तेव्हा त्यालाही मोठं होईपर्यंत थांबायला सांगितलं नव्हतं.