अलिबागला जायचंय? मग शनिवारी सकाळी 9 लाच निघा

पहाटे 5 ला निघणारे लोक नाश्त्याला किनाऱ्यावर असतात. त्यात कसली आलीय मजा? आरामात उठा, पोरांना आंघोळी घाला, 9 ला गाडी काढा. सगळी मुंबई तेव्हाच निघते, सोबत होते.

लाँच टाळा. गेटवेहून तासाभरात मांडवा येतं, पुढची अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात. इतक्या सहज पोचलात तर सोमवारी ऑफिसात सांगणार काय? पावसाळ्यात ती बंद असते, तेवढंच बरं.

भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रोरो बोट आहे, गाडीसकट नेते. बुकिंग मात्र आधी करायचं नाही. ऐन सुट्टीत धक्क्यावर जायचं आणि 'एकच गाडी आहे हो, बसवा ना कुठेतरी' म्हणायचं.

रेल्वेने पेण, पुढे 30 किलोमीटर एसटी. छे.

उरणपर्यंत लोकल, करंजाहून बोटीने रेवस, पुढे पुन्हा एसटी? त्यापेक्षा रेवस-करंजा पुलाची वाट बघा. आजोबांची पिढीही तेच करत होती.

तेव्हा स्वतःची गाडीच बरी. अटल सेतूवर 250 रुपये टोल भरा आणि 22 किलोमीटर 20 मिनिटांत पार करा. वाचलेला वेळ वडखळला सव्याज परत करायचाय.

वडखळला गोवा हायवे सोडून अलिबागच्या दुपदरी रस्त्याला लागलात, की पुढे धरमतरचा पूल. पोयनाड, पेझारी, कार्ले खिंड, सगळीकडे एक लेन जायची, एक यायची. रांग हळू का होईना, सरकत असते. पण तुम्ही थोडेच रांगेतले? उजवीकडे काढा गाडी. तुमच्यामागे आणखी 10 जण काढतात. समोरून एसटी येते, तिच्यामागे ट्रेलर. तुम्हाला डावीकडे घुसायला फट नसते, एसटीला मागे सरकायला जागा नसते, पुलावर तर बाजूला उतरायलाही काही नाही. तुमच्यामागचे 10 जण रिव्हर्स घेतल्याशिवाय तुम्ही हलू शकत नाही, आणि त्यांच्यामागे आता 20 झालेत. सुटली असती ती रांग पाव तासात. आता 2 तास बसा! आणि वर खाली उतरून, कमरेवर हात ठेवून, 2011 पासून रखडलेल्या हायवेवर भाषण द्या. हायवे रखडलाच आहे हो, पण ही कोंडी हायवेने केली का?

जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. तिथून मुंबईला हलवलेला पेशंट याच रस्त्याने येतो. एसटीच्या मागे सायरन वाजतोय तो त्याचाच, आणि त्याच्या लेनमध्ये तोंड घालून तुम्ही उभे आहात. हॉर्न कसला वाजवताय? लाज वाटत नाही? काचा खाली करा, मागच्यांना हात करा आणि घ्या ती गाडी मागे.