हिटलरच्या काळातला सोनेरी लायका? नाही!

सोनेरी मुलामा, लाकडाचं किंवा रंगीत कातड्याचं आवरण, वर गरुड-स्वस्तिक आणि ‘बर्लिन ऑलिंपिक 1936’ अशी अक्षरं. असा कॅमेरा ‘नाझी अधिकाऱ्यांसाठी खास बनवलेला दुर्मीळ लायका’ म्हणून फोटोसकट फिरतोय. हा लायका, म्हणजे तो नावाजलेला जर्मन कॅमेरा, नाही. बहुतेक वेळा तो सोव्हिएत फेड किंवा झोर्की असतो आणि ही सजावट त्यावर बऱ्याच नंतर केलेली असते.

दोन्ही कॅमेरे 1932 च्या लायका-2 ची नक्कल. फेड 1934 पासून खारकिवला बनू लागला, झोर्की 1948 पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला. म्हणजे ज्यावर 1936 कोरलंय, तो झोर्की असेल तर ऑलिंपिकनंतर बारा वर्षांनी जन्मलेला!

खात्री करायची तर लेन्स फिरवून काढा आणि आत वरच्या बाजूला पाहा. लेन्सच्या मागच्या कडेला टेकणाऱ्या रेंजफाइंडरच्या (अंतर मोजून फोकस साधणाऱ्या यंत्रणेच्या) दांडीच्या टोकाला लायकात छोटं गोल चाक असतं. फेड-झोर्कीत तिथे पाचरीसारखा सपाट तुकडा दिसतो. नावं कोरता येतात, हा भाग बदलायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

जर्मन हवाई दलासाठी लायका बनले होते, हे खरं. पण ते साध्या राखाडी किंवा क्रोम रंगाचे, बहुतेक 3सी मॉडेलचे, आणि त्यांच्या पुढच्या बाजूला मंद शटरवेगांची वेगळी चकती असते. जुन्या फेड-झोर्कीला ती नसते.

फोटो काढायला झोर्की उत्तमच आहे. घ्या खुशाल, पण झोर्कीच्या भावात.