घर तारण आहे म्हणे. पण कुठलं घर?

इंग्लंडातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर दर थोड्या दिवसांनी पीटूपी वेबसाइटांबद्दल, म्हणजे लोकांचे पैसे थेट दुसऱ्या लोकांना कर्जाऊ जुळवून देणाऱ्यांबद्दल, एक प्रश्न हमखास पडतो. "बँकेच्या दुप्पट व्याज देतायत, तेही घर तारण ठेवून. कुणी टाकलेत का पैसे?" खाली लगेच दोन तट. एक म्हणतो, मागे प्रॉपर्टी आहे ना, मग बुडतील कसे? दुसरा म्हणतो, सगळी फसवाफसवी आहे, लांब राहा. मला दोन्ही पटत नाही. कमेंटीत मावणार नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी धंदा समजून घेऊ. इथे ज्या घरात चालू स्वयंपाकघर आणि बाथरूम नाही, त्यावर नेहमीची बँक सहसा कर्ज देत नाही. एखाद्या आजीचं घर, वर्षानुवर्षं हात न लावलेलं, छप्पर गळतंय, वायरिंग जुनाट, भिंतींना ओल. वारस ते लिलावात काढतात. हातोडा पडला की १० टक्के तिथल्या तिथे भरायचे आणि उरलेले साधारण २८ दिवसांत. एवढ्या घाईत छोटा डेव्हलपर पैसे आणणार कुठून? तो वर्ष-दीड वर्षाचं ब्रिजिंग कर्ज, म्हणजे तात्पुरतं मधल्या काळापुरतं कर्ज, काढतो, महिन्याला टक्क्याच्या आसपास व्याजाने, वर फी वेगळी. पीटूपी वेबसाइट या कर्जाचे तुकडे करते आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना विकते. लँड रजिस्ट्रीत घरावर बोजा चढतो, आपल्या सातबाऱ्यावर चढतो तसाच. काम झालं की घर विकायचं किंवा त्यावर बँकेचं स्वस्त कर्ज घ्यायचं, आणि आपलं मुद्दल-व्याज फेडायचं.

यात वाईट काही नाही. उलट पडीक घरं राहती होतात. २०१३मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कौन्सिलने तर कोब्रिज भागातली ओसाड घरं एकेका पौंडाला दिली होती. तिथेच राहायची अट घातली आणि दुरुस्तीसाठी ३०,००० पौंडांपर्यंत कर्जही स्वतःच दिलं. म्हणजे घर फुकटात मिळालं तरी खरी अडचण दुरुस्तीच्या पैशाचीच असते. ती भागवणाऱ्याने चार पैसे जास्त व्याज घेतलं तर बिघडत नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. या धंद्यात तारण म्हणून दाखवलं जातं ते घर बऱ्याचदा अजून अस्तित्वातच नसतं.

समजा, घर घेतलं १ लाख पौंडांना. काम ४० हजारांचं. काम झाल्यावर किंमत येईल १ लाख ८० हजार, असं व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, लिहून देतो. वेबसाइटवर ठळक अक्षरांत असतं, 'कर्ज किमतीच्या फक्त ६५ टक्के'. वाचणाऱ्याला वाटतं, वा, ३५ टक्क्यांची उशी आहे. पण हे ६५ टक्के कशाचे? तयार घराचे. म्हणजे १ लाख १७ हजार. आजच्या घराच्या किमतीपेक्षा कर्जच मोठं! आणि काम मध्येच थांबलं तर ते घर मूळ १ लाखालाही जात नाही, कारण जुनं स्वयंपाकघर उखडलेलं असतं आणि नवं बसलेलं नसतं. अर्धवट बांधकामाला बाजारात काय भाव येतो हे रखडलेल्या पुनर्विकासात अडकलेल्या मुंबईकराला मी सांगायला नको.

सगळीच कर्जं अशी नसतात. काही कंपन्या आजच्या किमतीवरच कर्ज देतात, आणि दुरुस्तीचे पैसे सर्व्हेयर काम बघून आला की टप्प्याटप्प्याने सोडतात. पण हा फरक जाहिरातीत दिसत नाही, कर्जाच्या कागदांत खाली कुठेतरी असतो.

अशाच एका कर्जात माझाही छोटा तुकडा होता. कंपनीचं नाव घेत नाही. उत्तरेकडचं एक विटांचं टेरेस घर, म्हणजे ओळीत एकमेकांना चिकटलेल्या घरांपैकी एक. फोटो अजून डोळ्यांसमोर आहेत: फुलाफुलांचा वॉलपेपर अर्धा सोललेला, मागच्या खोलीची फरशी काढून खालची लाकडं उघडी पडलेली, आणि सिंक निघून बाहेर अंगणात. मग अपडेट सुरू झाले. "छप्पर जवळजवळ पूर्ण." पुढच्या महिन्यात, "छप्पर जवळजवळ पूर्ण." त्याच्या पुढच्या महिन्यातही छप्पर आपलं जवळजवळ पूर्णच. मग कळलं की बिल्डर काम सोडून गेलाय. मग "खरेदीदार मिळाला आहे", मग त्या खरेदीदाराचा पुढे उल्लेखच नाही. शेवटी रिसीव्हर, म्हणजे घर ताब्यात घेऊन विकणारा माणूस, नेमला. दारं-खिडक्यांना फळ्या ठोकायचा खर्च, विमा, वकील, रिसीव्हरची फी, लिलाववाल्याचं कमिशन, हे सगळं आधी वजा झालं आणि उरलं ते आमच्यात वाटलं. मुद्दलातलं काही गेलं, मोठं नुकसान नाही. पण बोजा आमच्या नावे असून आमचा नंबर किती मागे असतो ते तेव्हा नीट दिसलं.

'लेंडी' ही इथली पीटूपी कंपनी आठवत असेल. सुरुवात बोटींवरच्या कर्जांनी, मग मोर्चा प्रॉपर्टीकडे. १२ टक्क्यांपर्यंत व्याज. २०१७ला काउज वीकसारख्या बड्या नौकाशर्यतीचे प्रायोजक हेच. जुलै २०१८मध्ये एफसीएची, म्हणजे इथल्या वित्तीय नियामकाची, पूर्ण मान्यता मिळाली आणि मे २०१९मध्ये कंपनी दिवाळखोरीत प्रशासकांच्या ताब्यात गेली. १६ कोटी पौंडांहून जास्त कर्जं बाकी होती, त्यातली सुमारे ९ कोटींची थकलेली. त्यांच्या जुन्या कर्जांत तर लोकांनी पैसे घरमालकाला दिलेच नव्हते, लेंडीला दिले होते आणि लेंडीने पुढे. कुणाचा हक्क कशावर, हे ठरवायला कोर्ट लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'फंडिंगसिक्युअर' ही तशीच दुसरी कंपनीही गेली. डिसेंबर २०१९पासून एफसीएने नवख्या माणसाला पीटूपीत आपल्या एकूण गुंतवणुकीच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. मला विचाराल तर उशिराच.

आणि हो, नावात 'आयसा' (इथलं करमुक्त बचत-गुंतवणूक खातं) आहे म्हणून ती बँकेची ठेव होत नाही. कर लागत नाही, इतकंच. कर्ज बुडालं तर एफएससीएस, म्हणजे बँक बुडाल्यावर ठेवीदारांना भरपाई देणारी योजना, इथे भरपाई देत नाही. हा घोळ चांगली शिकलेली माणसंही करतात.

२००५ला पीटूपीचा प्रकार जगात पहिल्यांदा सुरू करणाऱ्या झोपा कंपनीने २०२१अखेर तो गुंडाळला. पाठोपाठ फंडिंग सर्कल आणि असेट्झ या मोठ्या कंपन्यांनीही किरकोळ गुंतवणूकदारांना नमस्कार केला. मोठ्यांना आता संस्थांचा पैसा मिळतो, तुमचे शंभर-शंभर पौंड सांभाळायचा व्याप हवाय कुणाला? म्हणून जे अजून आपल्या दारी येतात, त्यांना जरा जास्त प्रश्न विचारावेत. किंमत आजची की उद्याची? बोजा पहिला की दुसरा, म्हणजे घर विकल्यावर पैसे आधी आपले फिटणार की दुसऱ्या कुणाचे? करार नक्की कुणाशी? थकबाकीवरचं दंडव्याज कंपनी खिशात घालते की आपल्याला देते? लँड रजिस्ट्रीचा उतारा थोडक्या पौंडांत कुणालाही मिळतो, तो काढा. घराचं छायाचित्र बघून भुलू नका, रस्त्यावरची तशीच घरं कितीला गेली ते बघा, तेही ऑनलाइन फुकट दिसतं.

पुण्याहून भाऊ विचारतो, आपल्याकडे असं करता येईल का? नाही येणार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमांनुसार पीटूपी कंपन्यांना विनातारण कर्जंच जुळवून देता येतात. ऑगस्ट २०२४मध्ये तर 'खात्रीचा परतावा' आणि 'हवे तेव्हा पैसे काढा' छाप जाहिरातींनाही चाप लावला. त्यामुळे कुणी 'घरतारण पीटूपी' म्हणून अॅप दाखवलं तर आधी ते रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे का बघ, असं त्याला सांगितलंय.

मी स्वतः अजूनही थोडे पैसे यात ठेवतो, पण पहिला बोजा, आजची किंमत आणि टप्प्याने पैसे, हे तिन्ही असेल तरच. कुठल्या कंपनीत, ते इनबॉक्सात विचारू नका. आणि कमेंटीत रेफरल लिंक दिसली की उडवणार, मग ती कितीही जवळच्या मित्राची असो.