टॅनीची दौत

‘आपली राज्यघटना रंग ओळखत नाही.’ अमेरिकी न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लनचं हे वाक्य कुणी टाकलं की खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागते. मला मात्र हा माणूस देव्हाऱ्यात बसवावासा वाटत नाही.

जन्म १८३३चा, केंटकीतला. घर गुलाम बाळगणारं. यादवी युद्धात तो उत्तरेकडून लढला, कर्नल झाला, पण देश फुटू नये म्हणून. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला तर त्याचा चक्क विरोध होता. नंतर पक्ष बदलला, मतंही बदलली. १८७१ आणि १८७५ साली गव्हर्नरपदाला उभा राहिला, दोन्ही वेळा आपटला. विरोधक जुनी भाषणं उकरून काढायचे. त्यावर त्याचं उत्तर होतं की, मी कायम एकच बोललो असं म्हणण्यापेक्षा मी बरोबर होतो असं लोकांनी म्हणावं. असं उघडपणे बोलणारा पुढारी आजही सापडायचा नाही. १८७७ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात गेला.

आपल्याकडे १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुढे दहाच वर्षांत त्याच देशाच्या न्यायालयाने हॉटेलं, नाटकगृहं, रेल्वेत काळ्यांना समान वागणूक देणारा कायदा मोडीत काढला. आठ जण एकीकडे, हार्लन एकटा.

वेगळं मत मांडायचं ठरलं, पण लिखाण पुढे सरकेना. घरात एक जुनी दौत होती, सरन्यायाधीश टॅनीची. काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही, हा १८५७चा ड्रेड स्कॉट निकाल ज्याने लिहिला तो टॅनी. रविवारी हार्लन चर्चमध्ये गेलेला असताना बायकोने, मॅल्विनाने, लपवून ठेवलेली ती दौत काढली, घासूनपुसून लख्ख केली, शाई भरली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. मग लेखणी थांबली नाही. मॅल्विनानेच ही आठवण लिहून ठेवली आहे. बाई भारी!

सुरुवातीचं वाक्य मात्र १८९६चं. कायद्याने काळा ठरणारा होमर प्लेसी न्यू ऑर्लिन्सला रेल्वेच्या गोऱ्यांसाठी राखीव डब्यात बसला, पकडला गेला. ‘वेगळे पण समान’ चालेल, म्हणजे सोयी सारख्या असतील तर डबे वेगळे ठेवायला हरकत नाही, असं सात न्यायमूर्ती म्हणाले. नाही म्हणणारा पुन्हा हार्लन एकटाच. पण त्याच वेगळ्या मतात थोडं पुढे वाचा. चिनी लोक आपल्याहून इतके निराळे की त्यांना आपण नागरिकही होऊ देत नाही, आणि तरी त्यांना गोऱ्यांच्या डब्यात बसता येतं, काळ्या नागरिकांना मात्र नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे! हे पुढचं कुणी शेअर करत नाही.

तीनच वर्षांनी जॉर्जियातलं एक प्रकरण आलं. तिथल्या शिक्षण मंडळाने काळ्या मुलांचं हायस्कूल बंद केलं होतं, गोऱ्यांचं चालू ठेवलं होतं. पालक न्यायालयात गेले आणि हरले. या वेळी वेगळं मत कुणाचंच नव्हतं. निकालपत्र हार्लननेच लिहिलं.